दोन देशांचे फुटबॉल संघ, एक सामना : डावपेच ताडून कसे पाहायचे? इंदूरच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळकरांच्या रणजी संघाचं हे गाव, त्यामुळे इथे क्रिकेट समजावून सांगावं लागत नाही. फुटबॉलचं तसं नाही. विश्वचषक आला की राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग अशा भागांतल्या घरांमध्ये रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असतात, आरडाओरडा होतो, आणि सकाळी पोह्यांच्या टपरीवर चर्चा मात्र ‘मेस्सी भारी की एम्बापे’ एवढ्यावर येऊन थांबते. कोणत्या संघाने दुसऱ्याला कुठे पकडलं, हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः एकच सामना घेतला आहे : १८ डिसेंबर २०२२, लुसैल स्टेडियम, कतार, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, विश्वचषकाची अंतिम लढत. जादा वेळेनंतर ३-३ आणि पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२. एकाच सामन्यात दोन्ही प्रशिक्षकांनी इतक्या उघडपणे चाली बदलल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून शिकायला हाच सामना घ्यावा असं आमचं ठाम मत आहे.

डावपेच म्हणजे ४-३-३, ४-४-२ हे आकडेच ना?

ते आकडे म्हणजे खेळाडू साधारण कुठे उभे राहतात याची नोंद : ४-३-३ म्हणजे बचावात चार, मधे तीन, पुढे तीन. सामना सुरू होण्याआधी टीव्हीवर जी पाटी दाखवतात, तिच्यावर खेळाडूंची मांडणी असते, पण चेंडू फिरायला लागला की ती मांडणी टिकत नाही. चेंडू स्वतःकडे असताना एक रचना, समोरच्याकडे असताना दुसरी, हे आता जवळपास प्रत्येक राष्ट्रीय संघाचं असतं. म्हणून वहीत ‘अर्जेंटिना ४-३-३’ एवढंच लिहिलंत तर काहीच हाती लागत नाही. ‘चेंडू असताना’ आणि ‘चेंडू नसताना’ अशा दोन वेगळ्या ओळी हव्यातच.

शिवाय तोच संघ दर सामन्यात तसाच खेळेल याचीही खात्री नसते. त्याच विश्वचषकात अर्जेंटिनाचा प्रशिक्षक स्कालोनीने उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच जण ठेवले, उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध पारेदेसला घेऊन मधल्या फळीत चौघांची ओळ लावली आणि अंतिम सामन्यात डी मारियाला थेट डाव्या कडेला उतरवलं. ‘अर्जेंटिना कशी खेळते’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा पडतो. ‘या संघापुढे कशी खेळली’ असं विचारायला हवं.

मग दोन संघांत ताडून पाहायचं काय?

आम्ही चार गोष्टी पाहतो. चेंडू मागून पुढे कसा आणतात : लहान पास देत की सरळ लांब टाकून? चेंडू समोरच्याकडे असताना अडवायला कुठून सुरुवात करतात : त्यांच्या गोलजवळ, मध्यरेषेवर की स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रासमोर? चेंडू हिसकावला किंवा गमावला गेला की पुढच्या पाच-सहा सेकंदांत काय करतात? आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांवर माणसं कशी लावतात?

पण या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो सतत मनात असायला हवा : जादा माणूस कुठे आहे? दोन्हीकडे अकरा-अकराच असतात. एखाद्या संघाने मैदानाच्या एका भागात चार विरुद्ध तीन केलं, तर दुसरीकडे कुठेतरी त्याचा एक माणूस कमी पडतो. कोणत्या प्रशिक्षकाने कुठे फायदा घेतला आणि त्यासाठी कुठला धोका पत्करला, हे सापडलं की तुलनेचं अर्ध्याहून जास्त काम झालं.

कागद-पेन घेऊन बसायचं तर तयारी काय करायची?

एक ए-४ कागद आडवा घ्या. मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. १ सेंटिमीटरला ४ मीटर हे प्रमाण धरलं तर २६.२५ बाय १७ सेंटिमीटरचा आयत होतो आणि कागदावर नीट बसतो. आता लांबीच्या दिशेने पाच पट्टे पाडा. हे पट्टे मनाने पाडायचे नाहीत, मैदानावरच्या रेघांवरूनच पाडायचे : गोलसमोरची लहान चौकट १८.३२ मीटर रुंद असते, तो मधला पट्टा. पेनल्टी क्षेत्र ४०.३२ मीटर रुंद असतं, म्हणजे लहान चौकटीच्या दोन्ही बाजूंना ११-११ मीटरचे आतले पट्टे मिळतात. उरलेल्या दोन कडा प्रत्येकी १३.८४ मीटरच्या. कागदावर हे ३.५, २.७५, ४.५, २.७५ आणि ३.५ सेंटिमीटर असं येतं. मग लांबीचे तीन समान भाग करा. अशा पंधरा चौकटी होतात.

असे सहा कागद लागतात, दर पंधरा मिनिटांना एक. सामना जादा वेळेत गेला तर आणखी दोन. प्रत्येक कागदावर फक्त दोन खुणा करायच्या : चेंडू कुठे हिसकावला गेला तिथे फुली, आणि समोरच्या पेनल्टी क्षेत्रात पोचण्याआधीचा शेवटचा पास कुठून गेला तिथे टिंब. एका संघाला निळं पेन, दुसऱ्याला लाल. याहून जास्त नोंदायला गेलात तर मान खाली आणि सामना वर, अशी गत होते. अर्धा तास सगळं टिपून नंतर वही बाजूला पडते, हे बहुतेकांचं होतं आणि त्याचं कारण पहिल्याच दिवशी दहा-दहा गोष्टी लिहायला घेणं हेच असतं.

टीव्हीवर अख्खं मैदान दिसतच नाही. बचावफळी किती पुढे उभी आहे ते कसं ओळखायचं?

कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे पलीकडच्या कडेचा विंगर (कडेने धावणारा हल्लेखोर) किंवा मागे थांबलेले बचावपटू बरेचदा चौकटीबाहेर असतात. यावर उपाय म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या खुणा पाठ करणं. गोलरेषेपासून पेनल्टी क्षेत्राची रेघ १६.५ मीटरवर, त्यावरच्या अर्धगोलाचं टोक सुमारे २० मीटरवर, मध्यवर्तुळाची जवळची कड सुमारे ४३ मीटरवर आणि मध्यरेषा ५२.५ मीटरवर. समोरच्याकडे चेंडू असताना शेवटचा बचावपटू मध्यवर्तुळाच्या कडेला टेकला असेल तर फळी खूप वर आहे. अर्धगोलाजवळ असेल तर संघ खाली दबलेला आहे.

त्याच क्षणी पुढचा फॉरवर्ड कुठे आहे तेही बघा. पहिल्या आणि शेवटच्या माणसातलं अंतर २५ ते ३५ मीटर असेल तर संघ गोळा झालेला आहे आणि मधून पास घालणं अवघड. ते ४५-५० मीटर झालं की दोन फळ्यांच्या मधे मोकळी जागा पडलीच म्हणून समजा.

रचना बघायला सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे गोल किक. खेळ थांबलेला असतो आणि कॅमेरा थोडा लांबून दाखवतो, त्यामुळे कोण कुणाला धरून उभा आहे ते स्पष्ट दिसतं. मोबाइलवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर थांबवण्याची सोय असेल तर प्रत्येक गोल किकला दोन सेकंद थांबवा. सामन्यात अशा किकी पुरेशा होतात, त्यांतल्या आठ-दहा नीट पाहिल्या तरी पुष्कळ झालं.

अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने सुरुवातीला फ्रान्सला कसं बांधून ठेवलं?

पूर्वार्धात फ्रान्सने गोलच्या दिशेने एकही फटका मारला नाही. विश्वविजेत्या संघाची अशी अवस्था दैवाने होत नाही.

फ्रान्सच्या बचावात मागे कूंडे, वरान, उपामेकानो आणि तेओ हर्नांडेझ होते. मधे चुआमेनी आणि राबिओ, त्यांच्या जरा पुढे ग्रीझमन. उजवीकडे डेम्बेले, डावीकडे एम्बापे, सगळ्यात पुढे जिरू. अर्जेंटिनाच्या मधल्या फळीत एन्झो फर्नांडेझ, डे पॉल आणि मॅक अ‍ॅलिस्टर असे तिघे. पण मेस्सी उजवीकडून आत आणि खाली यायचा, म्हणजे मधे अर्जेंटिनाचे चार आणि फ्रान्सचे तीन. ग्रीझमनने एन्झोला धरलं तर डे पॉल किंवा मेस्सी सुटायचा, राबिओ मेस्सीकडे गेला तर मॅक अ‍ॅलिस्टर मोकळा व्हायचा. हाच तो जादा माणूस.

दुसरी चाल डाव्या कडेची. डी मारियाची जागा उजवीकडची अशी सगळ्यांची समजूत होती, त्याला स्कालोनीने डावीकडे अगदी कडेला चिकटवून ठेवलं. समोर कूंडे, जो मुळात सेंटर बॅक (बचावातला मधला माणूस) आणि इथे राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) म्हणून खेळत होता. कूंडे बाहेर गेला की त्याच्या आणि वरानच्या मधली फट उघडी पडायची आणि तिथे मॅक अ‍ॅलिस्टर धाव घ्यायचा. कूंडे आत राहिला की डी मारियाला चेंडू घेऊन वळायला वेळ मिळायचा. मदतीला परत येण्याचं काम डेम्बेलेचं. तो उशिरा आला, मागून डी मारियाला धक्का लागला आणि २३ व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला.

३६ व्या मिनिटाचा दुसरा गोल पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. मॅक अ‍ॅलिस्टरने चेंडू मेस्सीला दिला, मेस्सीने एका स्पर्शात पुढच्या अल्वारेझकडे ढकलला, अल्वारेझने पुढे धावणाऱ्या मॅक अ‍ॅलिस्टरसमोर सोडला आणि त्याने आडवा पास देऊन डावीकडून आलेल्या डी मारियाला गोल काढून दिला. यात एक गोष्ट निवांत बघा : चेंडू उजवीकडून मध्याकडे येत असताना डी मारिया पलीकडे एकटाच धावतो आहे. फ्रान्सचे सगळे डोळे चेंडूवर होते. उजवीकडे माणसं गोळा करायची आणि डावीकडे एकाला मोकळं ठेवायचं, ही मांडणी आधीपासून ठरलेली होती हे त्या एका धावेत दिसतं.

आता किंमत कुठे मोजली? उजव्या कडेला. मेस्सी बचावाला खाली येत नाही आणि त्याच बाजूला समोर एम्बापे. म्हणून राइट बॅक मोलिनाने पुढे जाणं आवरलं आणि डे पॉल सतत त्याच्या मदतीला सरकत राहिला. एम्बापेला चेंडू मिळाला की समोर एकाऐवजी दोघे. डे पॉल अख्खा पूर्वार्ध धावला तो यासाठी. त्याचं नाव गोलांच्या यादीत नाही, पण आमच्या मते ती रचना उभी राहिली ती त्याच्या पायांवर.

मग फ्रान्स परत कसा आला? एम्बापेने एकट्याने सामना फिरवला असंच म्हणायचं ना?

तीन गोल त्याचे आहेत, त्याचं श्रेय कुणी काढून घेणार नाही. पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचायला लागला तो फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांच्या बदलांमुळे.

पहिला बदल ४१ व्या मिनिटाला, मध्यंतराचीही वाट न पाहता. जिरू आणि डेम्बेले बाहेर, थुराम आणि कोलो मुआनी आत. थुराम डावीकडे गेला, एम्बापे मधे आला, कोलो मुआनी उजवीकडे. याने बचावाचं भोक काही प्रमाणात बुजलं, कारण उजवीकडे धावून परत येणारा माणूस आला. आणखी एक झालं : एम्बापे मधे आल्यावर मोलिना-डे पॉल ही जोडी ज्याच्यासाठी लावली होती तो माणूसच त्या बाजूला राहिला नाही. तरीही बराच वेळ फ्रान्सला काही सुचत नव्हतं, कारण मधल्या फळीतला हिशेब तसाच होता.

दुसरा बदल ७१ व्या मिनिटाला. ग्रीझमन आणि तेओ हर्नांडेझ बाहेर, कोमान आणि कामाविंगा आत. संघाचा मेंदू समजला जाणारा ग्रीझमन काढला हे पाहून बरेच जण चक्रावले. देशाँने मधल्या फळीत बरोबरी साधायचा नादच सोडला होता. पुढे कोमान, कोलो मुआनी, एम्बापे, थुराम असे चार वेगवान खेळाडू. मिडफिल्डमध्ये दोघेच, आणि लेफ्ट बॅकच्या जागेवरून कामाविंगा चेंडू घेऊन वर येणार. मधून विणत जाण्याऐवजी चेंडू वरून किंवा सरळ पुढे टाकायचा. चार जण समोर धावायला उभे राहिल्यावर अर्जेंटिनाची चौघांची बचावफळी एकास एक अडकली. भीतीने ती मागे सरकली आणि तिच्या व थकलेल्या मधल्या फळीच्या मधे अंतर पडलं.

कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या बचावपटू ओटामेंडीच्या मागच्या जागेत धावला, ओटामेंडीने त्याला पाडलं, पेनल्टी, आणि ८० व्या मिनिटाला एम्बापेने ती गोलात मारली. त्यानंतर दोन मिनिटंही झाली नसतील, कोमानने मेस्सीकडून चेंडू हिसकावला आणि थुरामने उचलून दिलेल्या चेंडूवर एम्बापेने हवेतच फटका मारला. २-२. कोमान ७१ व्या मिनिटाला आलेला, थुराम ४१ व्या, कोलो मुआनी ४१ व्या. दोन्ही गोलांमागे बदली खेळाडूच आहेत.

डी मारियाला ६४ व्या मिनिटाला काढणं ही स्कालोनीची चूक होती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याच्या जागी अकुन्या आला, जो मूळचा बचावाकडे झुकणारा. कागदावर कारण सरळ आहे : २-० पुढे, दमलेला विंगर, कडा बंद करायची. पण डी मारिया मैदानावर असेपर्यंत फ्रान्सच्या राइट बॅकला वर जायची हिंमत नव्हती. तो गेल्यावर ती धास्ती संपली आणि अर्जेंटिनाने चेंडू हिसकावला तरी पुढे तो धरून ठेवणारा माणूस कडेला उरला नाही. चेंडू जात होता आणि लगेच परत येत होता.

आमचं मत असं, की माणूस बदलणं अटळ असेल, पण जागा रिकामी सोडायला नको होती. तिथे दुसरा पुढे धावणारा खेळाडू हवा होता. याच स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्धही अर्जेंटिना २-० पुढे होती आणि शेवटी २-२ झालं. नेदरलँड्सच्या वेगहोर्स्टने ८३ व्या मिनिटाला आणि मग भरपाई वेळेत फ्री किकच्या एका फसव्या चालीवर गोल केले. आघाडी मिळाल्यावर खूप मागे सरकायची खोड दोन्ही सामन्यांत दिसते. मात्र स्कालोनीने जादा वेळेत पारेदेस आणि लाउतारो मार्टिनेझ यांना आणून संघ पुन्हा वर ढकलला. १०८ व्या मिनिटाचा मेस्सीचा गोल लाउतारोचा फटका फ्रान्सचा गोलकीपर लोरिसने अडवल्यावर परत आलेल्या चेंडूवर झाला, हेही स्कालोनीच्या खात्यात लिहायला हवं.

चेंडू ज्याच्याकडे जास्त वेळ, तो संघ डावपेचात वरचढ, बरोबर?

नाही. १ डिसेंबर २०२२ ला जपानने स्पेनला २-१ हरवलं तेव्हा जपानकडे चेंडू सुमारे १८ टक्के वेळच होता. पूर्वार्धात जपान मागे पाच जण लावून बसला आणि ०-१ ने मागे पडला. मध्यंतराला डोआन आणि मितोमा आत आले आणि संघ एकदम वर चढून स्पेनच्या गोलकीपरलाच घेरायला लागला. ४८ व्या आणि ५१ व्या मिनिटाला गोल. मग पुन्हा मागे. म्हणजे जपानने सामना जिंकला तो थोड्याशा मिनिटांच्या प्रेसिंगवर, बाकी वेळ त्यांनी चेंडू आपणहून सोडून दिला होता. टक्केवारी बघायचीच असेल तर ती कोणत्या भागातली आहे ते बघा. स्वतःच्या बचावपटूंमध्ये इकडून तिकडे फिरवलेल्या चेंडूने समोरच्याला काही त्रास होत नाही.

बचावफळी खूप वर ठेवणं म्हणजे वेडेपणा नाही का? मागे एवढी जागा मोकळी राहते.

धोका आहेच. पण सौदी अरेबियाने २२ नोव्हेंबर २०२२ ला अर्जेंटिनाला २-१ हरवलं ते याच धोक्यावर स्वार होऊन. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे (पास निघताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे असल्यामुळे) रद्द झाले. सौदीचे प्रशिक्षक एर्वे रेनार्ड यांचा हिशेब असा : फळी मध्यरेषेजवळ आणली की मेस्सीला दोन फळ्यांमधे वळायला जागा राहत नाही.

ही चाल बिघडते कुठे ते लक्षात ठेवा. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याच्यावर दबाव नसेल तर वर उभी असलेली फळी आत्मघात करते, कारण त्याला मान वर करून नेमका पास टाकायला वेळ मिळतो. आणि चौघांतला एक जरी दोन पावलं मागे रेंगाळला तरी सगळ्यांची ऑफसाइडची रेघ मोडते. सामना बघताना म्हणूनच फळीकडे आणि पास देणाऱ्यावरच्या दबावाकडे एकत्र बघायचं.

मोबाइलवर xG चा आकडा येतो. त्यावरून कोण चांगलं खेळलं ते ठरवता येतं का?

एक्सजी म्हणजे तशा जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेल्या फटक्याचा गोल होण्याची शक्यता, आणि सगळ्या फटक्यांची बेरीज. पेनल्टीला बहुतेक ठिकाणी ०.७६ ते ०.७९ धरतात. इथेच लोक फसतात. फ्रान्सला अंतिम सामन्यात खेळ चालू असताना दोन पेनल्टी मिळाल्या, त्यांवर ८० व्या आणि ११८ व्या मिनिटाला गोल झाले. म्हणजे एकूण आकड्यात दीडच्या आसपास भर फक्त त्यांचीच. अर्जेंटिनाच्या आकड्यातही २३ व्या मिनिटाची एक पेनल्टी आहे. आधी पेनल्टी वजा करा, मग पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून बघा. संपूर्ण सामन्याचा एकच आकडा घेतला तर ‘बरोबरीचा सामना’ असं वाटतं, प्रत्यक्षात पहिला तास-सव्वा तास अगदी एकतर्फी होता.

आम्ही पाच-सहा जण एकत्र बसून बघतो. काम वाटून घेता येईल का?

जरूर, आणि एकट्याने बघण्यापेक्षा हे जास्त चांगलं. एकाने एका संघाच्या बचावफळीची उंची, दुसऱ्याने दुसऱ्या संघाची. तिसऱ्याने फक्त दोन्हीकडचे मिडफिल्डर मोजायचे : चेंडू मधे असताना किती विरुद्ध किती. चौथ्याने डावी कड, पाचव्याने उजवी. सहावा असेल तर त्याने बदल्यांची वेळ आणि त्यानंतर कोणाची जागा सरकली एवढंच लिहायचं. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.

एक सूचना : ज्याचा जीव ज्या संघात अडकला आहे, त्याला त्याच संघाची नोंद देऊ नका. ओरडण्याच्या नादात तो नेमक्या क्षणी लिहायचं विसरतो.

हायलाइट्स पाहून तुलना करता येईल का?

नाही. हायलाइट्समध्ये फटके आणि गोल असतात, डावपेच त्याआधीच्या वीस-तीस सेकंदांत असतात. रात्री उशिराचा सामना जागून बघणं जमत नसेल तर निकाल न वाचता सकाळी पूर्ण रेकॉर्डिंग बघा. पाऊण तासच हाताशी असेल तर पहिली १५ मिनिटं, मध्यंतरानंतरची १५ आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतरची पाच-पाच मिनिटं बघावी.

भारतीय संघाच्या सामन्यांना हीच पद्धत चालते का?

चालते, आणि आपल्या इतिहासात तर याचं सुरेख उदाहरण आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत भारत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि भारत २-१ जिंकला. मधल्या काळात सेंटर बॅक जर्नैल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बाहेर बसवलं नाही, सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे खेळवलं. उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला. अंतिम सामन्यातला भारताचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. तेच दोन संघ, तीच स्पर्धा, एका माणसाची जागा बदललेली.

आजचे भारताचे सामने बघताना एकच लक्षात असू द्या : समोरचा संघ फार वरचा असेल तर ‘चेंडू असताना’चा कागद जवळजवळ रिकामा राहील. तेव्हा चेंडू हिसकावल्यानंतरचे पहिले तीन पास कुणाकडे जातात एवढंच नोंदवा. तिथेच योजना आहे की नाही ते कळतं.

शाळेच्या टीमला ‘जादा माणूस’ मैदानावर कसा शिकवायचा?

फळ्यावर खडूने शिकवून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते पोचत नाही. २४ बाय १८ मीटरची जागा आखा, लांबीच्या दिशेने तीन पट्टे करा, प्रत्येकी ६ मीटर रुंद. चार विरुद्ध चार, आणि वेगळ्या रंगाचा बिब (शर्टावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) घातलेला एक मुलगा, जो कायम चेंडू असलेल्या संघाकडून खेळेल. दोन्ही टोकांना शंकूंचे दोन मीटरचे गोल. गोल तेव्हाच धरायचा, जेव्हा त्या हल्ल्यात बिबवाल्याने एकदा तरी चेंडूला पाय लावलेला असेल. चार-चार मिनिटांचे तीन डाव, मधे एक मिनिट विश्रांती.

हमखास बिघडतं ते असं : सगळी मुलं चेंडूभोवती गोळा होतात आणि जादा माणूस गर्दीत हरवतो. मग नियम घाला, की प्रत्येक संघाचा एक जण चेंडू मध्यरेषा ओलांडेपर्यंत कडेचा पट्टा सोडणार नाही. म्हणजे डी मारियाचं काम. पहिल्या डावात त्या मुलाला कंटाळा येतो, दुसऱ्या डावात त्याच्याकडे मोकळा चेंडू येतो आणि तो स्वतःहून तिथे थांबायला लागतो. मे महिन्यात हा सराव सकाळी साडेसहाला घ्या, आठनंतर इंदूरचं ऊन मुलांना धावू देत नाही.

पेनल्टी शूटआउट डावपेचांत धरायचा की नशिबात?

११ मीटरवरून मारलेल्या चेंडूत नशीब असतंच. पण त्याआधीचे निर्णय नोंदवा. स्कालोनीने जादा वेळेच्या अगदी शेवटी बचावपटू ताग्लियाफिकोला काढून दिबालाला आणलं ते केवळ पेनल्टीसाठी, आणि त्याने ती मारली. मोंटिएल ९१ व्या मिनिटाला मोलिनाच्या जागी आला, जादा वेळेत त्याच्याच हाताला चेंडू लागून फ्रान्सला पेनल्टी मिळाली, आणि विजयाची शेवटची पेनल्टीही त्यालाच मारायला दिली गेली. गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने कोमानची पेनल्टी अडवली आणि चुआमेनी यायच्या वेळी चेंडू लांब फेकून त्याला तो आणायला लावला. चुआमेनीचा फटका बाहेर गेला. वहीत शूटआउटसाठी तीन रकाने पुरतात : कोणाच्या मागोमाग कोण आला, गोलकीपर आधी हलला की नंतर, आणि मारणारा किती पावलांवरून धावत आला.